तापाची फेरी

पक्या, तुझे बूट अजून दारातच आहेत. तुझ्या सुनंदाने ते आत घेतले नाहीत आणि मलाही घेऊ दिले नाहीत. तेराव्याला आलेली माणसं त्यांना वळसा घालून घरात येत होती. कुणा बाईने ते पायाने जरा बाजूला सरकवले, तर तुझी लेक अशू वाढायचं सोडून आली आणि पुन्हा होते तसे ठेवून गेली, टाचा भिंतीकडे, लेस सैल. मला मात्र ते बूट उचलून हायवेच्या पलीकडे फेकून द्यावेसे वाटत होते. आयुष्यभर तुझ्याशी फटकळपणे बोलले, आता गोड बोलायला लागले तर तुलाच संशय येईल.

मी तलासरीला तुझ्याच घरी आहे. तू गेल्यापासून मसोलीचं माझं घर बंद आहे, शेजारीण तुळशीला पाणी घालते. आज सकाळी इथे एक गोष्ट घडली. ती तुला सांगायलाच हवी, कारण ती तुझ्या नावावर घडली. पण एकदम सांगितली तर तू नेहमीसारखा मध्येच तोडशील, म्हणून आधी मागचं बोलते. आता तुला मध्ये बोलता येणार नाही, हे लिहिताना लक्षात आलं आणि पेन जरा वेळ खाली ठेवलं.

या वर्षी ताप गेलाच नाही. पाऊस सरला, भात कापून झालं, तरी घराघरात कुणीतरी पांघरूण घेऊन पडलेलंच आहे. एक उठतो तेव्हा दुसरा पडतो. तेराव्याच्या पंगतीत मी पाणी वाढत होते, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकला फिरत होता. तुझ्या पोलीसभरतीच्या मुली एका रांगेत बसल्या होत्या. त्यातल्या दोघी-तिघींचे डोळे लाल होते. रडल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मग एकीच्या पानावर पुरी ठेवताना माझी बोटं तिच्या मनगटाला लागली आणि ते मनगट चुलीजवळच्या भांड्यासारखं तापलेलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने हात पानाखाली घेतला आणि मान खाली घालून जेवत राहिली. तुझ्या हाताखाली तयार झालेल्या मुली ताप लपवायला पक्क्या शिकल्या आहेत.

तूही तसाच शिकलास, बापूंकडून. आपल्या दोघांच्या भांडणाचं मूळ तिथेच आहे, झाईच्या अलीकडच्या आपल्या पाड्यात, घरामागच्या ताडांच्या रांगेत. ताडी काढणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या पोराला एक गोष्ट न शिकवता कळते. झाडावर रोज दोनदा चढायचं, सकाळी आणि दिवस कलताना. पोयीला, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबाला, कोयत्याने अगदी पातळ काप द्यायचा, भरलेलं मडकं उतरवायचं, रिकामं बांधायचं. एक दिवस चुकला तर काप सुकतो, रस बसतो आणि झाड पुन्हा वाहतं करायला माणूस मेटाकुटीला येतो. म्हणून बापू तापातही चढायचे. आई खाली मडकं धरून उभी असायची. ती म्हणायची, "आज नका ना चढू." आणि वरून उत्तर यायचं, "आज नाय काप दिला तर झाड आटंल. ताप काय, येतो नि जातो."

तू खाली उभा राहून हे ऐकायचास, दप्तर खांद्याला लावून. ते तू असं काही मनावर घेतलंस की त्यातलं झाड काढून टाकलंस आणि तिथे माणसाचं अंग ठेवलंस. पुढे खेळाचा मास्तर झालास, गळ्यात शिट्टी आली, आणि तुझ्या प्रत्येक तुकडीला तू तेच सांगत आलास. एक दिवस चुकला की अंग आटतं. सर्दी असो, ताप असो, मैदानावर यायचंच. मग एकदा एक मुलगी तापात धावताना पडली. तिला उचलून तूच सावलीत आणलंस, तिच्या तोंडावर पाणी मारलंस, असं अशू सांगायची. तेव्हापासून तू एवढी सूट दिलीस की ताप असेल तिने धावायचं नाही, पण मैदानाला एक फेरी चालत मारायची. अंगात स्वेटर, डोक्याला ओढणी. मुलींनी तिचं नाव ठेवलं तापाची फेरी. दुसऱ्या मास्तरांनी हा प्रकार ऐकून कपाळाला हात लावला होता. तू मात्र खुशीत होतास, जणू काही मोठं दयेचं काम केलंस.

मी हसायचे तुला, आणि चिडायचेही. पण एका बाबतीत माझं तोंड तू कायमचं बंद केलं होतंस. मला चिकुनगुन्या झाला त्या वर्षी ताप उतरला, पण सांधे असे धरले की मला पेलासुद्धा दोन्ही हातांनी उचलावा लागे. पोस्टातली नोकरी नुकतीच संपली होती, घरात मी एकटी. उठून काय करायचं, असं वाटायला लागलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तू रोज सकाळी मोटरसायकलवर तलासरीहून मसोलीला यायचास, शाळेच्या आधी. दार लोटून आत यायचास आणि चहा मागायच्या आधी म्हणायचास, "ताई, ऊठ. ओट्यापर्यंत."

मी तुला शिव्या दिल्या. एकदा पेला फेकून मारला, तो तुला लागला नाही कारण माझ्या हातात तेवढा जोरच नव्हता. तू तो उचललास, पाण्याने भरून मला दिलास आणि म्हणालास, "फेकलास ना? म्हणजे खांदा सुटला. आता उद्या जरा लांब फेक." ओट्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकाच्या भय्याच्या दुकानापर्यंत. दुकानापर्यंत पोचले त्या दिवशी तू मला बिस्किटाचा पुडा घेऊन दिलास, लहान पोरीला देतात तसा. पक्या, मी आज माझ्या पायांवर आहे ती तुझ्यामुळे. डहाणूच्या बाजारात पिशवी घेऊन फिरते ती तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू ते भांडणात वापरलं असतंस. आता म्हणते. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

पण तेव्हाही मी सांगत होते की माझा ताप उतरलेला होता. ताप उतरल्यावर उठवणं वेगळं आणि ताप चढलेला असताना पळवणं वेगळं. तू म्हणायचास, "तेच ते. अंग म्हणजे अंग." मागच्या दिवाळीत तुला कणकण होती म्हणून मी तुला ओढून डहाणू स्टेशनजवळच्या आपल्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. गुजराती माणूस, गोड बोलणारा. त्यांनी तुझा घसा बघितला, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "प्रकाशभाई, सीधी वात छे. त्रास गळ्याच्या वर असेल, नाक वाहतंय, शिंका येतात, तर थोडं चाला, काय वांधा नाही. पण गळ्याच्या खाली उतरलं, छाती, अंगदुखी, ताप, तर पडून राहायचं. आराम करो ने."

बाहेर आल्यावर तू म्हणालास, "मला गळाच नाही ताई. बघ, डोकं सरळ खांद्यावर बसवलंय."

"मग तुझं सगळंच गळ्याच्या खाली आहे," मी म्हटलं. "डोकंसुद्धा."

तू एवढा हसलास की तुला खोकल्याची उबळ आली. फुटपाथवर वाकून उभा राहिलास, एक हात माझ्या खांद्यावर. माणसं वळून बघत होती. तेव्हा मीही हसत होते. आता तो खोकला मला ऐकू येतो तेव्हा हसू आठवत नाही.

तुझ्याशी माझं खरं भांडण झालं ते यंदा पाऊस सरताना, माझ्या ओट्यावर. अशू तुझ्याबरोबर होती. तिची भरती तोंडावर आली होती आणि तिला आवाज बसेपर्यंत सर्दी झालेली होती. तू तिला किनाऱ्यावरून पळवून आणलं होतंस, ओहोटीच्या ओल्या वाळूतून. पोरगी घामाने निथळत होती आणि तिचे ओठ मात्र कोरडे होते. मी तुला म्हटलं, तिला झोपू दे दोन दिवस. तू नेहमीचं काढलंस. बापू तापात चढायचे, काय झालं त्यांना? म्हातारे होऊन गेले.

तेव्हा मी ते सांगितलं. इतकी वर्षं का सांगितलं नव्हतं? आईने घातलेली शपथ आईबरोबर संपली होती, तरी जिभेवर तशीच बसली होती. मी तुला म्हटलं की बापू दुपारभर झोपायचे. सकाळचं झाड उतरलं की थरथरत घरात यायचे, वाटीभर पेज प्यायचे आणि जे भिंतीकडे तोंड करून पडायचे ते दिवस कलेपर्यंत. आई दाराला गोधडी लावायची. कोंबड्यांनासुद्धा अंगणातून हाकलायची. आईच्या आजारपणानंतर माझी शाळा काही काळ सुटली होती ना, म्हणून मी घरी असायचे आणि हे बघायचे. तू सकाळचं चढणं बघून शाळेला जायचास आणि संध्याकाळच्या चढण्याला परत यायचास. मधलं तुला कधी दिसलंच नाही.

दिसू दिलं नाही, असं म्हणायला हवं. ताडी काढणारा तापाने पडलाय हे बाहेर कळलं की ज्याची झाडं तो ती दुसऱ्याला देऊन टाकायचा. म्हणून चढणं सगळ्यांना दाखवायचं आणि झोप लपवायची. आपल्याकडे सगळ्याच घरांत तसं होतं. आई मला म्हणायची, "पक्याला सांगशील नको. पोर हाय, शाळेत बोलंल." आणि मी तुला सांगितलं नाही. बापूंचं अंग दोन चढण्यांच्या मधल्या त्या झोपेवर टिकलं. तुला वाटत राहिलं की ते चढण्यावर टिकलं.

तू आधी हसलास. "बापू? आणि दुपारी झोप? ताई, तू स्वप्न बघितलंस." मग माझ्या तोंडाकडे बघून तुझं हसू थांबलं. कपात चहा अर्धा होता, तो तू तसाच खाली ठेवलास. बराच वेळ फाटकाकडे बघत राहिलास. मला वाटलं आता काहीतरी बोलशील. पण तू उठलास आणि म्हणालास, "चल अशू, उशीर होतोय." मोटरसायकल सुरू करतानाही माझ्याकडे बघितलं नाहीस. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? मानलं होतंस, की राग आला होता, की बापू लहान झाल्यासारखे वाटले? मला कळायला आता काही मार्ग नाही.

त्यानंतर तुला ताप आला. आला तो सगळ्यांना आला तसाच. तू मैदानावर जातच राहिलास. सुनंदाने हातापाया पडून सांगितलं, तू गोळी घेऊन जायचास. तापाचा जोर उतरला तेव्हा तू फोनवर मला विजय मिळवल्यासारखं सांगितलंस की बघ, पळून पळून पळवला. पण तुझा श्वास वरच्या वर चालला होता. एक वाक्य बोलायला तुला मध्ये थांबावं लागत होतं. मी विचारलं, छातीत काही होतंय का? तू म्हणालास, जरा जड वाटतंय, कफ असेल. मी म्हटलं, उद्या जाऊ नकोस. तुझं उत्तर माझ्या कानात जसंच्या तसं आहे. "ताई, उद्या मुलींची वेळ घ्यायचीय. उद्याचा एकच दिवस. मग झोपतोच."

मी फोन ठेवला आणि भात लावला. भाताला उकळी आली तेव्हा मला वाटलं, परत फोन करावा. केला, तर तू उचलला नाहीस. सुनंदाने उचलला आणि म्हणाली, जेवताहेत, नीट आहेत.

दुसऱ्या सकाळचं मी काही बघितलं नाही, अशूने बघितलं. तू वेळ घेत होतास. शेवटच्या फेरीत एक पोरगी मागे पडली, तेव्हा तू नेहमीप्रमाणे तिच्या बाजूने पळायला लागलास, तिला ओढून आणायला. ती पुढे गेली. तू लांब उडीच्या वाळूत बसलास. अशूला वाटलं, दम घेतोस. ती पाणी घेऊन आली तेव्हा शिट्टी तुझ्या ओठांतच होती. टेम्पोत घालून तुला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नंतर सुनंदाच्या भावाला सांगितलं की अशा तापात कधीकधी हृदयाला सूज येते, तेव्हा दगदग करायची नसते, पडून राहायचं असतं. आणि असंही म्हणाले की पडून राहिले असते तरी काय झालं असतं, हे आता नक्की कुणी सांगू शकत नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं असेल. पण तेवढ्या एका वाक्याने आपलं भांडण अर्धवट राहिलं ते राहिलंच. मला ते जिंकायचं नव्हतं रे. तू माझ्यासमोर बसून हरायला हवं होतंस, एवढंच.

आता आजचं.

तेराव्याची पंगत उठल्यावर तुझ्या मुली ओसरीवर जमल्या आणि त्यांनी ठरवलं की रविवारी सकाळी सरावाच्या वेळेला सगळ्यांनी सरांसाठी धावायचं. सरांच्या नेहमीच्या फेऱ्या, सरांच्या मैदानावर. पुढे अशू, तिच्या गळ्यात तुझी शिट्टी. सगळ्यांचे डोळे भरून आले. आलेली माणसं म्हणाली, फार चांगलं. मी अशूकडे बघत होते. ती बोलताना दर चार शब्दांनी खाकरत होती. शनिवारी ती दिवसभर स्वेटर घालून घरात फिरली. सुनंदाने काढा केला, तो तिने उभ्या उभ्या घेतला. सुनंदा तिला काही बोलली नाही. मी स्वयंपाकघरात सुनंदाला विचारलं, तिला जाऊ द्यायचं का? ती म्हणाली, "मी काय सांगू ताई? त्यांना सांगून काय झालं? ही तर त्यांच्यासाठीच चाललीय."

आज रविवार. उजाडायच्या सुमाराला मला जाग आली ती लेस ओढल्याच्या आवाजाने. अशू दारात बसून बूट घालत होती. एक क्षण मला वाटलं की ती तुझेच बूट घालतेय. तिचेच होते, तुझ्या बुटांना लागून ठेवलेले. बाहेर मुलींची कुजबुज ऐकू येत होती, हायवेवरून ट्रक जात होते. मी तिच्या जवळ गेले आणि कपाळाला हात लावला.

"काही नाही आत्या," ती म्हणाली. "सर्दी आहे. गळ्याच्या वरच आहे."

हे बोलताना तिचा एक हात छातीवर होता. तिला ते माहीतही नसावं.

"अशू, तुला ताप आहे. चांगला ताप आहे."

"असू दे. बाबांसाठी धावायचंय." मग तिने माझ्याकडे बघितलं, अगदी तुझ्या डोळ्यांनी, आणि म्हणाली, "आजचा एकच दिवस आत्या. मग झोपतेच."

पक्या, फोनवर तू काय म्हणालास हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, सुनंदालाही नाही. आणि तिने ते वाक्य तुझ्या गळ्यातून काढल्यासारखं काढलं. मला ती लांब उडीच्या वाळूत बसलेली दिसली. मी ओरडले असते तरी ती गेली असती. रडले असते तर मला मिठी मारून, माझे डोळे पुसून गेली असती. तुझ्या पोरीला थांबवायला माझा शब्द पुरणार नव्हता, तुझाच हवा होता. तो तू मागे ठेवला नव्हतास.

म्हणून मी खोटं बोलले. तिच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "तुझ्या बाबाने जायच्या आदल्या दिवशी मला फोन केला होता. अशूला ताप आला तर तिला धावू देऊ नकोस, असं म्हणाला होता."

ती लेस धरून थांबली. "बाबा असं म्हणाले?"

"हो."

"नाही म्हणणार ते." तिचा आवाज चिरका झाला. "काय म्हणाले, नीट सांग. त्यांच्या शब्दांत सांग."

मला तुझे शब्द शोधावे लागले. फार शोधावे लागले नाहीत. इतकी वर्षं भांडल्यावर माणसाला समोरच्याचं बोलणं पाठ होतं. मी म्हटलं, "म्हणाला, ताई, बापू दुपारी झोपायचे हे खरं असेल. मी चढणंच तेवढं बघत राहिलो. अशूला तसं करू देऊ नकोस."

ती त्या दिवशी ओट्यावर होती ना. तो अर्धा कप तिने बघितला होता, तुझं फाटकाकडे बघत राहणंही बघितलं होतं. म्हणून तिला ते पटलं. आधी तिचा चेहरा तसाच राहिला, मग हनुवटी हलायला लागली. तिने एका हाताने एक बूट काढला, दुसरा मला काढावा लागला. तिचा पाय माझ्या मांडीवर होता आणि मोज्यातूनही भाजत होता.

उठून वळले तर स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी. हातात पातेलं, त्यातला काढा निवालेला. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती ओळखेल आणि निदान मान तरी हलवेल. तिनेही खरंच मानलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला म्हणाले. मी इतके दिवस पदर पसरत होते ताई, मला एकदा तरी म्हणायचं होतं त्यांनी."

सांगितलं असतं की तो मलाही काही म्हणाला नाही, तर अशूने तिथल्या तिथे बूट घातले असते. सुनंदा पातेलं घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. पक्या, तुझ्या बायकोच्या वाट्याचं मी काहीतरी काढून घेतलंय आणि ते मला परत करता येत नाही. निदान आज नाही. आज या घरात एकीला तरी पांघरुणाखाली ठेवायचं आहे.

मग मी फाटकापाशी गेले. मुली अंधुक उजेडात हात चोळत उभ्या होत्या. पंगतीतली ती गरम मनगटाची पोरगीही होती, ओढणी कानांवर घट्ट बांधलेली. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडत नाही. मी सांगितलं, "ज्यांना ताप आहे, खोकला आहे, त्यांनी धावायचं नाही. चालायचंही नाही. सरांनी जाताना सांगून ठेवलंय." त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "तापाची फेरीपण नाय?" मी म्हटलं, "तीपण नाय. घरी जा नि झोपा." तिघी-चौघी मागे फिरल्या. ती ओढणीवाली नाही फिरली. ती मान खाली घालून बाकीच्यांच्या मागे मैदानाकडे गेली. मी तिला नावाने हाक मारली असती, पण मला तिचं नाव माहीत नव्हतं. तुला माहीत असतं.

आता मैदानावरून पावलांचा आवाज येतोय. शिट्टी ऐकू येत नाही, कारण शिट्टी अशूच्या उशाशी आहे. मी तो आवाज कान देऊन ऐकतेय, मध्येच कुणाची पावलं थांबतात का म्हणून. सुनंदाच्या भावाला फोन केलाय, तो गाडी घेऊन येतोय, अशूला दाखवून आणायचंय. तोवर मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलेय आणि एका हाताने हे लिहितेय. पाठीतून तिचं काळीज हाताला लागतंय, पळून आल्यासारखं. धावली नाही तरी. खिडकीला मी गोधडी लावलीय, उजेड येऊ नये म्हणून. लावून झाल्यावर लक्षात आलं की आई अशीच लावायची.

तू मान्य केलं होतंस की नाही, ते आता तुझं तुझ्यापाशी. मी मात्र तुझ्या नावाने सगळ्यांना सांगून बसले आहे, आणि संध्याकाळपर्यंत ते तलासरीभर होईल की सर शेवटी म्हणाले होते, तापात झोपावं. रागाव. पेला फेकून मार. पण कुणी विचारलंच तर नाही म्हणू नकोस, निदान ही बरी होऊन उठेपर्यंत. ती झोपलीय, पक्या. तू सांगितलंस म्हणून झोपलीय.